रुंद पडदा आणि घरचे फोटो : न जुळणाऱ्या दोन मापांचा आढावा

संगणकाच्या पडद्यावर सर्व खिडक्यांच्या मागे पसरलेल्या चित्रासाठी मराठीत वॉलपेपर हाच शब्द रुळला आहे. त्या जागी घरातला एखादा फोटो लावायला गेले की बहुतेक वेळा काहीतरी बिनसते : मागच्या रांगेतल्या मंडळींची डोकी उडतात, नाहीतर पुढे बसलेल्या मुलांचे पाय जातात, कधी सगळे कुटुंब एकाएकी जाडजूड दिसू लागते, तर कधी फोटो मधोमध राहून दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात. हा दोष कॅमेऱ्याचा नसतो आणि संगणकाचाही नसतो. फोटो ज्या चौकटीत काढला गेला ती चौकट आणि तो ज्या चौकटीत दाखवायचा ती चौकट यांची मापे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या व्यवसायांनी, आपापल्या सोयीने ठरवली, आणि ती एकमेकांना जुळावीत ही जबाबदारी कोणाचीच नव्हती. दोन मापांमधल्या फरकाची किंमत फोटोने कुठे चुकवायची, एवढेच वापरणाऱ्याच्या हाती उरते.

चौकटीची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणाला गुणोत्तर म्हणतात. रुंदी चार भाग आणि उंची तीन भाग असेल तर ते ४:३ असे लिहिले जाते. हे ४:३ चलच्चित्रांकडून आले. १८९०च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन या त्याच्या सहकाऱ्याने ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चार छिद्रांएवढ्या उंचीचे चित्र बसवले, तेच प्रमाण पुढे मूकपटांचे आणि नंतर दूरचित्रवाणीचे झाले, आणि दूरचित्रवाणीच्याच काचनळीवर घडलेले संगणकाचे मॉनिटरही ४:३चेच राहिले; ६४०×४८०, ८००×६०० आणि १०२४×७६८ ही एके काळी घरोघरी माहीत असलेली मापे त्याच कुळातली होत. स्थिरचित्रणाने मात्र वेगळी वाट धरली. जर्मनीत ऑस्कर बार्नाक याने तीच सिनेमाची फिल्म कॅमेऱ्यातून आडवी सरकवली आणि १८×२४ मिलिमीटरची दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर होईल तेवढे, म्हणजे २४×३६ मिलिमीटरचे, एक चित्र घेतले. १९२५ साली बाजारात आलेल्या त्याच्या लायका कॅमेऱ्यामुळे हे ३:२ प्रमाण जगभर पसरले. अल्बममध्ये जपलेले ४×६ इंचांचे पोस्टकार्ड साइज फोटो ३:२ असतात ते त्यामुळेच, आणि भिंगे बदलता येणारे बहुतेक मोठे डिजिटल कॅमेरेही तेच प्रमाण पाळतात. खिशातले छोटे डिजिटल कॅमेरे ज्या काळात आले त्या काळी समोरचा मॉनिटर ४:३चा असल्याने त्यांनी पुन्हा ४:३ उचलले आणि मोबाइल फोनचे कॅमेरे त्याच मार्गाने गेले. याखेरीज १२० क्रमांकाच्या रोलवर चौकोनी फोटो काढणारे आग्फा क्लिक-थ्रीसारखे कॅमेरे भारतात घरोघरी होते. म्हणजे एकाच कुटुंबाच्या संग्रहात आजोबांचे चौकोनी, आईवडिलांचे ३:२ आणि नातवंडांचे ४:३ फोटो एकत्र नांदतात.

रुंद पडद्याचे १६:९ हे प्रमाण यांपैकी कोणाशीच नाते सांगत नाही. १९५३ साली सिनेमास्कोप आल्यापासून चित्रपट दूरचित्रवाणीपेक्षा रुंद होत गेले, आणि १९८०च्या दशकात नव्या, अधिक स्पष्ट दूरचित्रवाणीचे प्रमाण ठरवण्याची वेळ आली तेव्हा कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने प्रचलित प्रमाणांचे समान क्षेत्रफळाचे आयत एकमेकांवर मधोमध ठेवून पाहिले. सर्व आयतांना सामावून घेणारी बाहेरची चौकट आणि सर्वांमध्ये समाईक असलेली आतली चौकट या दोन्हींचे प्रमाण सुमारे १.७७ निघाले, आणि १६ भागिले ९ म्हणजे १.७८. ही तडजोड सिनेमा आणि दूरचित्रवाणी यांच्यातली होती. फोटोचा त्यात विचार नव्हता, आणि वाचन-लेखनाचा तर मुळीच नव्हता. रुंद पडदे घेताना संगणकांनी प्रथम १६:१० हे किंचित उंच प्रमाण स्वीकारले होते, पण पडद्यांचे कारखाने दूरचित्रवाणी संचांसाठी १६:९च्या काचा कापू लागल्यावर तेच स्वस्त पडले आणि २०१०च्या आसपास मॉनिटरही सरसकट १६:९ झाले. घरातल्या टेबलावर आलेला हा आकार कारखान्याच्या हिशेबाने आला, ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या अडचणींचे आश्चर्य वाटत नाही.

या फरकाचा आकडा काढणे सोपे आहे. फोनवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा आडवा फोटो साधारणपणे ४०३२×३०२४ पिक्सेलचा असतो. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका. फोटोची पूर्ण रुंदी राखून १६:९ची चौकट काढली तर उंची २२६८ पिक्सेल उरते, म्हणजे नेमका पाव फोटो जातो. मोठ्या कॅमेऱ्याच्या ६०००×४००० पिक्सेलच्या फोटोचे नुकसान कमी, साधारण साडेपंधरा टक्के. चौकोनी फोटोचा ४४ टक्के भाग जातो, आणि उभ्या धरलेल्या फोनवरच्या ३:४ फोटोचा तब्बल ५८ टक्के, म्हणजे त्यात कातरण्याला अर्थच उरत नाही. याउलट फोटो संपूर्ण ठेवला तर १९२०×१०८० पिक्सेलच्या पडद्यावर ४:३चा फोटो १४४० पिक्सेल रुंदी घेतो आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेलचे पट्टे सुटतात. ३:२च्या फोटोसाठी हा पट्टा १५० पिक्सेलचा, तर उभ्या ३:४ फोटोसाठी प्रत्येक बाजूला ५५५ पिक्सेलचा असतो.

कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज, मॅकओएस किंवा लिनक्स, या तफावतीवर जे पर्याय देते त्यांची नावे थोडीफार वेगळी असली तरी मर्म सारखेच आहे. फिल म्हणजे पडदा पूर्ण भरेपर्यंत फोटो मोठा करणे आणि उरलेले बाहेर जाऊ देणे. फिट म्हणजे फोटो पूर्ण मावेल इतपतच मोठा करणे. स्ट्रेच म्हणजे रुंदी आणि उंची वेगवेगळ्या प्रमाणात ताणणे. सेंटर म्हणजे आहे त्या मापात मधोमध ठेवणे. लिनक्सच्या ग्नोम या मांडणीत फिलला झूम आणि फिटला स्केल्ड म्हणतात, त्यामुळे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. टाइल, म्हणजे एकच चित्र फरशीसारखे पुन्हा पुन्हा मांडणे, हा पर्याय आता अवशेषासारखा उरला आहे. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये एकूण स्मृती १२८ किलोबाइट होती आणि पार्श्वभूमी ८×८ ठिपक्यांच्या काळ्यापांढऱ्या नक्षीची असे. १९९०च्या विंडोज ३.०मध्ये वॉलपेपर आला तेव्हाही छोटे चित्र फरशीसारखे मांडणे स्मृतीला परवडणारे होते. नातवाचा चेहरा पडद्यावर छत्तीस वेळा मांडण्याची गरज त्या काळीही कोणाला नव्हती.

स्ट्रेचविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ४:३चा फोटो १६:९मध्ये ताणला की प्रत्येक वस्तू एकतृतीयांश अधिक रुंद होते. गोल कुंकू लंबगोल होते, आणि ओळखीचा चेहरा आपला वाटेनासा होतो, कारण माणसाची नजर रंगातला फरक जितका खपवून घेते तितका चेहऱ्याच्या प्रमाणातला घेत नाही. जुने कृष्णधवल चित्रपट रुंद संचावर ताणून पाहण्याची सवय जडलेल्या घरांत हा दोष दिसेनासा झाला असेल, पण म्हणून तो दोष नाही असे होत नाही. समुद्र, धुके किंवा आभाळ एवढेच असलेल्या चित्रात थोडे ताणणे खपते. जिथे माणूस आहे तिथे नाही.

बहुतेक लोक ज्यावर थांबतात तो फिलचा पर्याय अधिक विचार मागतो. संगणक साधारणपणे मध्य धरून कातरतो, म्हणजे ४:३च्या फोटोतून वरचा साडेबारा आणि खालचा साडेबारा टक्के भाग सारख्याच निर्विकारपणे काढून टाकतो, आणि फोटोचा भौमितिक मध्य हाच त्याच्या आशयाचा मध्य असेल असे गृहीत धरतो. यातून एक गमतीदार विपर्यास घडतो. हौशी माणूस चेहरा नेमका मधोमध घेतो आणि वर गरज नसलेले आभाळ, खाली गरज नसलेली फरशी सोडतो. छायाचित्रणाच्या शिकवणीत हा दोष समजला जातो, पण फिलच्या कात्रीतून असाच फोटो सुखरूप सुटतो. उलट ज्याने डोळे वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर आणून डोक्यावर बेताची जागा सोडली, त्या जाणत्याच्या फोटोत आजीच्या अंबाड्यावरून कात्री फिरते. लग्नातल्या सामूहिक फोटोत हे अधिकच खुपते, कारण तिथे सर्वांत वरच्या रांगेतली उंच माणसे आणि सर्वांत खाली मांडी घालून बसलेली मुले दोन्ही कडांना टेकलेली असतात, आणि मध्यभागी वधूवरांच्या गुडघ्यांखेरीज फारसे काही नसते.

म्हणून कात्री संगणकाच्या हाती न देता स्वतः चालवणे हा या प्रश्नावरचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय आहे. फोटो संपादनाच्या जवळजवळ प्रत्येक साधनात, फोनच्या गॅलरीतसुद्धा, कातरण्याच्या चौकटीचे प्रमाण १६:९वर कायम करता येते. मग ती चौकट वर-खाली सरकवून काय ठेवायचे हे डोळ्यांनी ठरवायचे आणि निघालेली प्रत पडद्याच्या नेमक्या पिक्सेल-मापाला आणून वेगळ्या नावाने साठवायची. या शेवटच्या पायरीचे महत्त्व सहसा सांगितले जात नाही. चित्र पडद्याएवढेच असले की फिल, फिट, स्ट्रेच आणि सेंटर या चौघांचा परिणाम एकच होतो, म्हणजे पर्याय निवडण्याचा प्रश्नच मिटतो. आणि फोल्डरमधले फोटो ठरावीक वेळाने आपोआप बदलत राहण्याची जी सोय विंडोज ७पासून आहे, तिच्यात सर्व फोटोंना एकच पर्याय लागू होत असला, तरी अशा पडद्याएवढ्या प्रतींचा घोटाळा होत नाही.

उभ्या फोटोंसाठी वेगळा विचार करावा लागतो, आणि घरच्या संग्रहात तेच अधिक असतात : स्टुडिओत खुर्चीला रेलून काढलेला पणजोबांचा फोटो उभा, शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो उभा, फोन उभाच धरला जात असल्याने अलीकडचे तर बहुतेक सगळेच उभे. एक उभा फोटो आडव्या पडद्याला पुरत नाही, पण तीन पुरतात. २:३ प्रमाणाचा उभा फोटो ६४० पिक्सेल रुंद केला तर तो ९६० पिक्सेल उंच होतो. असे तीन शेजारी ठेवले की १९२० पिक्सेलची रुंदी तंतोतंत भरते आणि उंचीत १२० पिक्सेल शिल्लक राहतात, ज्यांत खालची टास्कबार, म्हणजे चालू कार्यक्रमांची पट्टी, कोणाच्याही पायांवर न येता बसते. फोनच्या पूर्ण उंचीच्या ९:१६ फोटोंचेही गणित जमते : पूर्ण १०८० पिक्सेल उंचीचे तीन फोटो सुमारे १८२२ पिक्सेल रुंदी घेतात आणि मधल्या फटींसाठी शंभरेक पिक्सेल राहतात. आजी, आई आणि मुलगी यांचे एकाच वयातले तीन फोटो असे शेजारी आले तर एका फोटोत कधीच न दिसणारे साम्य दिसू लागते, हा अडचणीतून निघालेला लाभच म्हणायचा.

फिटचा पर्याय विनाकारण बदनाम झाला आहे. त्याचे कारण काळे पट्टे, आणि काळे पट्टे म्हणजे चित्र अपुरे पडले अशी समजूत. प्रत्यक्षात विंडोज आणि मॅकओएस दोन्हींमध्ये उरलेल्या जागेचा रंग निवडता येतो. फ्रेम करणाऱ्याकडे फोटो दिला की तो काच आणि लाकडी पट्टी यांच्या मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची कोरी किनार, सोडतो, आणि त्या किनारीला कोणी रिकामी जागा म्हणत नाही. पडद्यावरही फोटोतल्या भिंतीचा, मातीचा किंवा एखाद्या साडीचा मंद रंग उचलून पार्श्वभूमीला दिला की पट्टे नाहीसे होत नाहीत, पण ते माउंट होतात. माणसांच्या फोटोसाठी, आणि विशेषतः जे आता हयात नाहीत त्यांच्या फोटोसाठी, हाच पर्याय सर्वांत प्रामाणिक आहे, कारण त्यात फोटोतले काहीही जात नाही आणि फोटोत काहीही नवे येत नाही.

रिकामी जागा चित्रानेच भरण्याचे प्रयत्न मात्र बरेच झाले आहेत. त्यांतला सर्वांत परिचित प्रकार वृत्तवाहिन्यांवर रोज दिसतो : फोनवर उभे घेतलेले चित्रण मधोमध आणि त्याचीच मोठी केलेली धूसर प्रत दोन्ही बाजूंना. वॉलपेपरमध्येही ही युक्ती चालते, मात्र धूसरपणा पुरेसा हवा. अर्धवट धूसर चेहरे मूळ चेहऱ्यांच्या शेजारी भुतांसारखे रेंगाळतात. दुसरा मार्ग गणिती आहे. २००७ साली शाय अविदान आणि एरियल शमीर यांनी मांडलेल्या सीम कार्व्हिंग या पद्धतीत चित्रातून वरपासून खालपर्यंत जाणारी अशी वाकडीतिकडी रेघ शोधली जाते की जिच्यावरच्या ठिपक्यांत आणि आजूबाजूच्या ठिपक्यांत फरक सर्वांत कमी आहे. अशा रेघा काढून टाकल्या की चित्र अरुंद होते, आणि त्यांच्या शेजारी तशाच नव्या रेघा घातल्या की ते रुंद होते. आभाळ, वाळू, गवत यांत ही जादू बेमालूम चालते. चेहऱ्यावर मात्र गालाचा सपाट भाग त्या पद्धतीला आभाळासारखाच वाटू शकतो, म्हणून चेहरे आधी राखून ठेवण्याची खूण करावी लागते. सरळ रेषांची घरे आणि फरश्याही तिच्यात वाकतात.

तिसरा मार्ग कृत्रिम बुद्धिमत्तेचा. फोटोच्या कडेपलीकडे काय असावे हे यंत्राने कल्पून रंगवण्याची सोय २०२३ साली फोटोशॉपमध्ये आली आणि लवकरच इतर साधनांतही पोहोचली. निसर्गचित्राला दोन्हीकडे थोडे डोंगर जोडण्याला कोणी हरकत घेणार नाही, पण वाड्याच्या ओसरीवर काढलेल्या फोटोला यंत्राने कधी नसलेला खांब आणि कधी नसलेली खिडकी जोडली, तर वीस वर्षांनी तो फोटो पाहणाऱ्याला वाडा तसाच होता असे वाटेल. वॉलपेपर ही तात्पुरती गोष्ट असली तरी साठवलेली फाइल तात्पुरती नसते, आणि वाढवलेली प्रत मूळ प्रतीच्या जागी संग्रहात जाऊन बसते हा धोका काल्पनिक नाही. निदान फाइलच्या नावात तशी नोंद असावी, एवढी शिस्त पाळणे अवघड नाही.

प्रमाण जुळले तरी पिक्सेल पुरतील याची खात्री नसते. फोनमधला मूळ फोटो कोणत्याही सामान्य मॉनिटरला भरपूर होतो, पण घरचे फोटो हल्ली बहुधा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातून हाती येतात, आणि त्या सेवेच्या साध्या दर्जात फोटोची लांब बाजू दीर्घकाळ सुमारे १६०० पिक्सेलपर्यंत कमी केली जात असे. २०२३मध्ये अधिक दर्जाचा पर्याय आला, पण तो निवडावा लागतो. १६००×१२००च्या फोटोतून १६:९साठी १६००×९०० उरतात आणि १९२०×१०८०च्या पडद्यावर ते फुगवावे लागतात. ३८४०×२१६०च्या फोर-के पडद्यावर तर जवळजवळ अडीच पट, आणि मग चेहऱ्यांवर ठोकळे दिसतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो आकसत नाही. कागदी फोटो स्कॅन करताना हाच हिशेब उलट बाजूने करावा लागतो : ४×६ इंचांचा फोटो दर इंचाला ३०० ठिपके या दराने १८००×१२०० होतो, म्हणजे साध्या रुंद पडद्यालाही किंचित कमी, आणि ६००च्या दराने ३६००×२४००, म्हणजे फोर-केच्या जवळ. स्कॅन झाल्यावर फाइलवर लिहिलेला ७२ किंवा ३०० हा आकडा पडद्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. पडदा फक्त एकूण पिक्सेल मोजतो. विंडोज आणखी एक गोष्ट गुपचूप करते : वॉलपेपर म्हणून लावलेल्या जेपेग फोटोची ती स्वतःची दाबलेली प्रत तयार करते, जिचा दर्जा १०० पैकी ८५ धरलेला असतो. मूळ फोटोत न दिसणारे आभाळातले पट्टे पडद्यावर दिसले तर कारण बहुधा हे असते.

फोटोवर काय बसणार आहे याचाही विचार हवा. विंडोजमध्ये आयकॉन, म्हणजे फाइलींची चित्रखुणा, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून खाली उतरत जातात, मॅकओएसमध्ये उजव्या बाजूने. त्यामुळे विंडोजसाठी कातरताना चेहरे उजव्या तिसऱ्या भागात आणि डावीकडे भिंत, झाड किंवा पाणी असे काही शांत ठेवणे हिताचे. पैठणीचा बारीक जरीकाठ, पानांची दाटी किंवा जत्रेतली गर्दी यांच्यावर फाइलींची नावे वाचता येत नाहीत. अशा वेळी फोटोचा उजेड आणि रंगांचा कडकपणा थोडा उतरवला की काम भागते.

अतिरुंद मॉनिटर आल्यापासून प्रश्न अधिक टोकाला गेला आहे. २१:९ म्हणून विकल्या जाणाऱ्या ३४४०×१४४०च्या पडद्यावर ४:३ फोटोचा ४४ टक्के भाग जातो, आणि दोन साधे मॉनिटर शेजारी ठेवून स्पॅन या पर्यायाने एकच फोटो दोघांवर पसरवला तर जेमतेम ३७ टक्के उरतो, शिवाय दोन्ही पडद्यांच्या किनारी नेमक्या मध्यावर येतात, जिथे बहुधा फोटोतली मुख्य व्यक्ती उभी असते. या मापाला फोनवर फिरवत घेतलेला पॅनोरमा शोभतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखे दृश्य अशा पडद्यासाठीच घडल्यासारखे वाटते. माणसांसाठी मात्र दोन मॉनिटरवर दोन वेगळे फोटो लावणेच बरे.

दरम्यान लॅपटॉप उलट दिशेने निघाले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो मालिकेने २०१४पासून ३:२चा पडदा घेतला, म्हणजे बार्नाकच्या चौकटीशी नेमका जुळणारा, आणि इतर अनेक कंपन्या १६:१०कडे परतल्या आहेत. म्हणून १६:९साठी कातरलेली प्रत ठेवून मूळ फोटो पुसून टाकण्याची सवय फार महाग पडते. ४०३२×३०२४चा मूळ फोटो ३:२च्या पडद्यावर लावला तर त्याचा ८९ टक्के भाग दिसतो; आधी १६:९साठी वरखाली कातरलेली प्रत त्याच पडद्यावर लावली तर आता दोन्ही बाजू जातात, आणि मूळ फोटोचा ६३ टक्के भागच शिल्लक राहतो.